‘इतरत्र स्वस्त मिळाल्यास फरक परत’: दर जुळवून देण्याच्या हमीबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही, एसी, मोबाइल किंवा मिक्सर घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानाच्या काचेवर किंवा संकेतस्थळाच्या माथ्यावर ही ओळ हमखास दिसते. ती वाचून बहुतेक ग्राहक निर्धास्त होतात. काहींना मात्र शंका येते, की यात दुकानदाराचे काय जाते? पुढील प्रश्न या दुसऱ्या गटातील वाचकांचे आहेत.

ही हमी म्हणजे नेमके काय?

तुम्ही घेत असलेली वस्तू दुसऱ्या विक्रेत्याकडे कमी किमतीत मिळत असल्याचे दाखवून दिलेत, तर तीच किंमत आम्ही लावू, असे दुकानदार जाहीर करतो. हिचे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात खरेदीच्या वेळीच दर उतरवून मिळतो. दुसऱ्यात खरेदीनंतर ठरावीक दिवसांत इतरत्र स्वस्त दिसल्यास फरकाची रक्कम परत मिळते. तिसऱ्यात फरकावर आणखी काही टक्के देण्याचे आश्वासन असते. तिसरा प्रकार कानाला सर्वांत गोड वाटतो आणि व्यवहारात सर्वांत क्वचित मिळतो.

आपल्याकडे घासाघीस पूर्वीपासून आहेच. मग यात नवे काय?

‘समोरच्या दुकानात इतक्याला देतायत, तुम्ही बोला’ हे वाक्य म्हणजे तोंडी दर जुळवणीच असते, हे खरे. परंतु घासाघिशीत दुकानदार कोणतेही वचन देत नाही. त्याला परवडले तर तो देतो, नाही तर ग्राहक पायरी उतरतो. हमीची पाटी लागली की वचन सर्वांसाठी आणि जाहीर होते. ग्राहकाइतकेच ते समोरच्या दुकानदारालाही वाचता येते, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या जाहीरपणात आहे.

हमी देणाऱ्या दुकानात भाव सर्वांत कमी असतो असे समजावे का?

समजू नये. ‘आमचा भाव सर्वांत कमी आहे’ आणि ‘कमी भाव दाखवलात तर आम्ही तितका करू’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात शोध घेण्याचे काम दुकानदाराने केलेले असते. दुसऱ्यात ते काम ग्राहकाच्या गळ्यात असते, आणि त्याने ते केले नाही तर दुकानदाराचा एक रुपयाही कमी होत नाही. पाटीवरची ठळक अक्षरे वाचून ग्राहकाच्या मनात उमटते ते पहिले विधान, आणि बिलाच्या मागे बारीक टायपात छापलेले असते ते दुसरे.

अशा हमीमुळे उलट भाव चढेच राहतात, असे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. ते कसे?

हा युक्तिवाद प्रथम ऐकताना उफराटा वाटतो, म्हणून तो आकड्यांनी पाहू. हे आकडे केवळ उदाहरणापुरते घेतलेले आहेत.

एका रस्त्यावर समोरासमोर दोन दुकाने आहेत. दोघांनाही एक मिक्सर ३,२०० रुपयांना पडतो आणि दोघेही तो ४,००० रुपयांना विकतात. प्रत्येकाकडे महिन्याला १०० गिऱ्हाइके येतात, म्हणजे प्रत्येकाचा नफा ८०,००० रुपये. आता उजवीकडच्या दुकानदाराने भाव ३,७०० रुपये केला आणि डावीकडची ८० गिऱ्हाइके ओढून घेतली, तर त्याचे १८० मिक्सर प्रत्येकी ५०० रुपये नफ्याने विकले जातील आणि त्याला ९०,००० रुपये मिळतील. भाव पाडण्यात त्याचा फायदा आहे. डावीकडचा मग आणखी खाली येईल, आणि या चढाओढीत ग्राहकाचे भले होईल.

परंतु डावीकडच्या दुकानावर ‘फरक परत’ची पाटी असेल, तर तिकडचे गिऱ्हाईक रस्ता ओलांडण्याची तसदी घेणार नाही. ते आपल्या नेहमीच्या दुकानातच ३,७०० रुपये देईल. उजवीकडच्याकडे त्याची जुनीच १०० गिऱ्हाइके उरतील आणि त्याचा नफा ५०,००० रुपयांवर येईल. हे त्याला आधीच कळत असल्यामुळे तो भाव पाडण्याच्या फंदात पडत नाही. दोघांनी एकत्र बसून चहा घेतला नाही, एकमेकांना फोन केला नाही, काहीही ठरवले नाही, तरी मिक्सर ४,००० रुपयांनाच विकला जातो.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन सॅलप यांनी १९८६ साली हा विचार मांडताना न्यूयॉर्कमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन दुकानसाखळ्यांचे, क्रेझी एडी आणि न्यूमार्क अँड लुइस यांचे, उदाहरण घेतले होते. दोघींचाही दावा सर्वांत कमी भावाचा होता. (यांतील क्रेझी एडी पुढे हिशेबातील घोटाळ्यामुळे १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्याचा दर जुळवणीशी संबंध नाही.) १९९७ मध्ये कायद्याचे व अर्थशास्त्राचे अभ्यासक एरन एडलिन यांनी पुढचा प्रश्न विचारला, की कमी भावाची हमी ही प्रत्यक्षात चढ्या भावाची हमी ठरत असेल, तर स्पर्धा कायदा तिचे काय करू शकतो?

हा निव्वळ कागदावरचा तर्क आहे, की प्रत्यक्षात असे घडलेले दिसते?

दोन्ही बाजूंनी पुरावा आहे, आणि कोणत्याही एका बाजूने ठाम निकाल लागलेला नाही. जेम्स हेस आणि आयटन गर्स्टनर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील रॅली या शहरातील सुपरमार्केटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे एका दुकानाने दर जुळवण्याचे जाहीर केल्यावर दुकानादुकानांतील भाव एकमेकांच्या जवळ आले आणि एकंदर पातळी वर सरकली, असे त्यांना आढळले. याउलट श्रीधर मूर्ती आणि राल्फ विंटर यांनी २००६ मध्ये कॅनडातील दुकानांची माहिती घेऊन दाखवले, की ज्याचा खर्च खरोखरच कमी आहे असा दुकानदार अशी हमी सहज देऊ शकतो, तर महाग दुकानाला ती परवडत नाही. त्यामुळे भावाची माहिती नसलेल्या ग्राहकाला ही पाटी स्वस्त दुकानाची खूण म्हणून उपयोगी पडू शकते.

माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. बाजारात हमी देणारे एखादेच दुकान असेल, तर ती खूण ठरते. सगळ्यांनीच पाटी लावली, की ती खूण पुसली जाते आणि एकमेकांना दिलेला इशारा तेवढा उरतो.

या हमीचा खरा लाभ कोणाला मिळतो?

ज्याच्याकडे वेळ, इंटरनेट असलेला फोन आणि काउंटरवर वाद घालण्याची तयारी आहे, त्याला. असे ग्राहक थोडे असतात आणि त्यांना कमी भाव देणे दुकानदाराला परवडते, कारण बाकीचे पाटीवर भरवसा ठेवून मागितलेला भाव देऊन जातात. एकाच दिवशी, एकाच काउंटरवर, एकाच फ्रिजसाठी दोन किमती दिल्या जातात, आणि जास्त किंमत देणारा बहुधा वयस्कर, घाईत असलेला किंवा वाद घालायला संकोचणारा असतो. मला या व्यवस्थेतली सर्वांत खटकणारी बाब हीच वाटते.

‘तोच माल’ या अटीवरच अनेक दावे अडतात म्हणे. ते कसे?

गेल्या उन्हाळ्यात दीड टनाचा एसी घेताना हा अनुभव मी स्वतः घेतला. दुकानात किंमत ३९,९९० रुपये होती आणि दारावर ‘फरक परत’ असे ठळक लिहिलेले होते. मी फोनवर ३६,४९० रुपयांची ऑनलाइन किंमत दाखवली. विक्रेत्याने अत्यंत नम्रपणे फोन हातात घेतला, बोटांनी चित्र मोठे केले आणि म्हणाला, ‘सर, मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर बघा.’ दुकानातल्या यंत्राच्या क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर होते आणि फोनवरच्या क्रमांकाच्या शेवटी दुसरे. टनेज तेच, तारे तितकेच, हमीची वर्षे तीच. अक्षर तेवढे वेगळे.

मी त्याच मालिकेतले, अक्षरही जुळणारे दुसरे मॉडेल शोधून काढले. तेव्हा कळले, की दाखवलेल्या किमतीत एका बँकेच्या कार्डावरची १,५०० रुपयांची सूट धरलेली आहे आणि ती जुळवणीत चालत नाही. ती वगळून किंमत दाखवल्यावर विचारणा झाली, की हा माल कंपनी स्वतः विकते आहे की त्या संकेतस्थळावरचा कोणी तिसराच विक्रेता? तो तिसराच होता. अखेर व्यवस्थापकांनी भाव तसाच ठेवला आणि बाहेरच्या युनिटचे लोखंडी स्टँड फुकट दिले. घासाघिशीत मिळाले असते, तेवढेच जवळपास पदरात पडले.

यांतील प्रत्येक अट सुटी पाहिली तर समर्थनीय आहे. कार्डाची सूट बँक देते, तिचा भार दुसऱ्या दुकानदाराने का सोसावा? अनोळखी विक्रेत्याचा माल अस्सल असेलच असे नाही. परंतु मोठ्या उपकरणांच्या कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी, मोठ्या साखळ्यांसाठी आणि छोट्या डीलरांसाठी किरकोळ फरकाची स्वतंत्र मॉडेले काढतात, तेव्हा ‘तंतोतंत तोच माल’ ही अट पूर्ण होणे जवळजवळ अशक्य होते. अशा वेळी हमी खोटी नसते, पण ती कधी वापरातही येत नाही.

किमतीत आणखी काय काय धरावे?

वर उल्लेखिलेल्या एसीचेच घ्या. बसवण्याचे पैसे, स्टँड, लांबीनुसार तांब्याच्या नळीचे पैसे, जुने यंत्र काढून नेण्याचे पैसे, एक्स्चेंजमध्ये धरलेली जुन्या यंत्राची किंमत आणि वाढीव वॉरंटी हे सारे मिळून बिल होते. एका ठिकाणी यंत्राचा भाव जुळवून घेतल्यावर बसवण्याच्या खर्चात तोच फरक भरून निघाल्याची उदाहरणे नवी नाहीत. तुलना नेहमी घरात चालू झालेल्या यंत्राच्या एकूण खर्चाची करावी.

मोबाइलचा भाव सगळ्या दुकानांत सारखाच का दिसतो? मग हमीचा उपयोग काय?

मोबाइलच्या धंद्यात तीन आकडे चालतात. डीपी म्हणजे डीलरला पडणारा भाव, एमआरपी म्हणजे खोक्यावर छापलेली कमाल किंमत, आणि या दोहोंच्या मधला एमओपी, म्हणजे बाजारात ज्या भावाखाली विकू नये अशी कंपनीची अपेक्षा असते तो भाव. बहुतेक दुकाने एमओपीलाच माल देत असतील, तर जुळवायला काही उरतच नाही, आणि हमीची पाटी ही भिंतीवर रंगवलेल्या दारासारखी राहते.

विक्रेत्याने किती सवलत द्यावी यावर कंपनीने बंधन घालणे हा भारतीय स्पर्धा आयोगाच्या कक्षेतला विषय आहे. डीलरांनी ठरल्यापेक्षा अधिक सूट देऊ नये, या धोरणाबद्दल आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. गाडीच्या शोरूममध्ये ‘आणखी कमी होणार नाही’ हे ऐकताना हे प्रकरण लक्षात असलेले बरे.

वस्तूवर एमआरपी छापलेली असताना या हमीची गरजच काय?

एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, योग्य भाव नव्हे. तिच्यापेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार महाराष्ट्रात वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करता येते. एकाच पॅकबंद वस्तूवर वेगवेगळ्या ठिकाणांसाठी वेगवेगळी एमआरपी छापण्यास २०१८ पासून मनाई आहे. तिच्या खाली कितीही उतरण्यास दुकानदार मोकळा असतो, म्हणून दर जुळवणीचा खेळ सगळा तिच्या खालच्या पट्ट्यात चालतो. एमआरपी मुळातच फुगवलेली असेल, तर ‘४० टक्के सूट’ आणि ‘फरक परत’ हे दोन्ही एकत्र लिहिलेले असूनही भाव महागच असू शकतो.

परदेशांत या हमी अनेक दुकानांनी मागे का घेतल्या?

ब्रिटनमध्ये जॉन लुइस या दुकानसाखळीने १९२५ पासून, आपल्यापेक्षा कमी भावात कोणी विकत असल्यास तो भाव आपण देऊ, हे ब्रीद मिरवले होते. ही हमी प्रामुख्याने रस्त्यावरच्या दुकानांशी तुलना करणारी होती. निव्वळ ऑनलाइन विकणारे विक्रेते तिच्यात धरलेले नव्हते, आणि लोकांची खरेदी जसजशी तिकडे सरकली तसतसे तिचे वजन घटले. २०२२ मध्ये ती बंद झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ठरावीक २५ विक्रेत्यांशी तुलना करण्याच्या नव्या रूपात परत आली.

तिथल्या सुपरमार्केटांची गोष्ट अधिक बोलकी आहे. संपूर्ण टोपलीची तुलना करून फरकाचे कूपन देण्याच्या योजना सेन्सबरीजने २०१६ मध्ये, तर टेस्को आणि अ‍ॅस्डा यांनी २०१८ मध्ये गुंडाळल्या. त्यांच्या जागी टेस्कोने २०२० मध्ये, आल्डी या स्वस्त जर्मन साखळीशी निवडक वस्तूंचे दर जुळवण्याची योजना आणली. यात ग्राहकाला काही सिद्ध करावे लागत नाही, फळीवरच तसे लेबल असते, ही मोठी सुधारणा आहे. मात्र इथेही ‘तोच माल’ हा प्रश्न उरलाच. बीबीसीने घटकांची तुलना केली, तेव्हा टेस्कोच्या चिकन नगेट्समध्ये ३९ टक्के कोंबडी होती आणि ज्या आल्डीशी दर जुळवला होता तिच्या नगेट्समध्ये ६० टक्के. जुळली होती ती किंमत.

अमेरिकेत वॉलमार्टने २०१४ मध्ये, पावतीचा क्रमांक घातला की ॲपच इतर दुकानांचे भाव शोधून फरक परत करील, अशी सोय केली होती. शोधाचे काम ग्राहकाच्या डोक्यावरून काढणारी ही योजना २०१९ मध्ये बंद झाली. टार्गेटनेही जुलै २०२५ पासून अ‍ॅमेझॉन आणि वॉलमार्टचे दर जुळवणे थांबवले. न्यू जर्सी किंवा बे एरियातील मराठी कुटुंबांनी जुन्या माहितीवर विसंबून फोन घेऊन काउंटरवर जाऊ नये.

हॉटेल बुकिंगच्या संकेतस्थळांवरील ‘सर्वांत कमी दराची हमी’ याच प्रकारात मोडते का?

दिसायला सारखी असली, तरी तिच्यामागे वेगळी यंत्रणा असू शकते. काही संकेतस्थळे हॉटेलांशी असा करार करतात, की हॉटेलने आपली खोली अन्य संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या काउंटरवरही याहून कमी दरात देऊ नये. मग ‘सर्वांत कमी दर’ हे विधान खरे ठरते, पण त्याचे कारण इतरत्र दर उतरू दिलेला नसतो हे असते. अशा अटींबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप आणि गोआयबिबो यांना मिळून सुमारे २२३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि त्या अटी काढण्यास सांगितले. या आदेशाविरुद्धही अपील झाले. गोव्याला किंवा महाबळेश्वरला जाताना हॉटेलला थेट फोन करून दर विचारण्याचे कष्ट अजूनही वाया जात नाहीत.

मग ही हमी न्याय्य आहे की नाही?

ती फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही. ज्याने भाव आधी पाहिला आहे आणि ज्याला विक्रीनंतरच्या सेवेसाठी जवळचेच दुकान हवे आहे, त्याच्यासाठी ती उपयुक्त आहे. न्याय्य म्हणायची तर तिच्याकडून मी तीन अपेक्षा ठेवीन: तुलनेतील विक्रेत्यांची नावे आधी जाहीर असावीत, मॉडेलच्या एका अक्षरावरून दावा फेटाळला जाऊ नये, आणि एका ग्राहकाला भाव उतरवून दिला की तो त्या दिवशी सर्वांसाठी उतरावा. पहिल्या दोन अपेक्षा पाळणारी दुकाने सापडतात. तिसरी पाळणारे मला अजून भेटलेले नाही, आणि खरी परीक्षा तिसरीच आहे.

दुकानदाराने पाटी लावूनही फरक दिला नाही, तर काय करता येते?

प्रथम पाटीचा, तिच्याखालील अटींचा आणि दुसऱ्या विक्रेत्याच्या किमतीचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो ठेवावा आणि मागणी ईमेलवर किंवा लेखी करावी. तोंडी नकाराला पुढे आधार राहत नाही. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दीड हजाराच्या फरकासाठी इतके कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे आणि दुकानदारालाही तो ठाऊक असतो. परंतु पाटीच दिशाभूल करणारी असेल, तर ती एकट्याची तक्रार राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश व्यापाऱ्याला देऊ शकते.

मी लहान दुकानदार आहे. मोठ्या साखळीशी टिकण्यासाठी अशी पाटी लावू का?

लावण्यापूर्वी तुमचा डीपी आणि ऑनलाइन विक्रीचा भाव शेजारी ठेवून पाहा. पुष्कळ वस्तूंत ऑनलाइन भाव तुमच्या खरेदीपेक्षाही खाली असतो, आणि तेथे हमी पाळणे म्हणजे खिशातून पैसे घालणे होईल. ज्या दहा-बारा वस्तूंत तुम्ही खरोखर उतरू शकता, त्यांचीच यादी लावणे अधिक प्रामाणिक आणि ग्राहकालाही समजणारे ठरते. अटी असतीलच, तर जून २०२२ च्या भ्रामक जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अट ही दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात, सहज दिसेल अशा जागी लिहावी लागते. वर मराठीत ‘फरक परत’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’ असे चालत नाही. पाटी रंगवणाऱ्याला ही गोष्ट आधीच सांगावी, कारण सगळ्या अटी त्याच टायपात लिहायच्या म्हटल्यावर बहुतेक वेळा फळी पुरत नाही आणि अटीच कमी कराव्या लागतात.